भूशास्त्राची उद्दिष्टे कागदावर, पाणाड्या मात्र गावात

मराठवाड्यात विहीर खोदायची असो की बोअर घ्यायचा असो, अनेक गावांत पहिला निरोप आजही पाणाड्याला जातो. तळहातावरचा नारळ उभा राहिला किंवा कडुलिंबाचे दुबेळके खाली वाकले की तिथे दगड रोवून खूण केली जाते. मग कर्ज काढून बोअरची गाडी बोलावली जाते. पाचशे फूट, सहाशे फूट खाली जाऊनही नुसता फुफाटा उडतो, पाणी लागत नाही. शेतकरी नशिबाला दोष देतो, पाणाड्या दुसरी जागा दाखवतो आणि बोअरवाला फुटाप्रमाणे पैसे मोजून घेऊन निघून जातो. या सगळ्या व्यवहारात एक माणूस कुठेच दिसत नाही. तो म्हणजे विद्यापीठाने भूशास्त्राची पदवी दिलेला मराठवाड्याचाच तरुण.

हा तरुण अस्तित्वातच नाही, असे म्हणता येणार नाही. छत्रपती संभाजीनगर म्हणजेच औरंगाबादच्या शासकीय विज्ञान संस्थेत भूशास्त्र शिकवले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात भूगोल आणि पर्यावरणशास्त्राचे विभाग आहेत. १९९४ साली याच विद्यापीठातून वेगळे होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, तेथे भूशास्त्राचे स्वतंत्र संकुल आहे. पाणी आणि जमीन यांच्या व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी वाल्मी ही संस्था १९८० पासून याच शहरात आहे. म्हणजे शास्त्र आहे, प्राध्यापक आहेत, पदव्या आहेत. तरीही ज्ञानाची आणि गावाची गाठ पडत नाही. ती का पडत नाही, हा आजचा प्रश्न आहे.

आमच्या मते याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या दोन कागदांत सापडते. पहिला कागद उद्दिष्टांचा आणि दुसरा मूल्यमापनाचा. चळवळीने विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे लढा दिला, रक्त सांडले. प्रवेशासाठी, वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी आपण आजही रस्त्यावर उतरतो. परंतु प्रवेश मिळाल्यानंतर वर्गात काय शिकवायचे ठरले आहे आणि ते शिकले की नाही हे कोण, कशाच्या आधारे ठरवतो, या प्रश्नाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. विद्यार्थ्याचे भवितव्य मात्र तिथेच ठरते.

उद्दिष्टे कोणासाठी लिहिली जातात?

आज कोणत्याही विद्यापीठाचा अभ्यासक्रम उघडा. सुरुवातीच्या पानांवर अभ्यासक्रमाची उद्दिष्टे आणि अध्ययन निष्पत्ती यांची यादी असते. विद्यार्थी चिकित्सक विचार करील, समाजाच्या गरजा ओळखील, पर्यावरणाचे भान ठेवील, आयुष्यभर शिकत राहील, अशी वाक्ये त्यात असतात. वाक्ये चांगली आहेत, त्यांना कोणी हरकत घेणार नाही. अडचण एवढीच आहे की रसायनशास्त्राच्या, वाणिज्यच्या किंवा गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमातही हीच वाक्ये थोड्या फरकाने चालू शकतात. ज्या उद्दिष्टात मराठवाड्याचा दगड नाही, गोदावरी नाही, किल्लारी नाही, ते मराठवाड्यातील भूशास्त्राचे उद्दिष्ट कसे म्हणायचे?

हे कागद विद्यार्थ्यासाठी लिहिलेले नसून नॅकसाठी लिहिलेले असतात, हे त्याचे कारण आहे. नॅकच्या सात निकषांपैकी दुसरा निकष अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाचा आहे. उद्दिष्टे ठरवली का, ती विद्यार्थ्यांना सांगितली का आणि ती किती साध्य झाली हे मोजले का, असे त्यात विचारले जाते. विचारणे योग्यच आहे. पण उत्तर कसे दिले जाते ते पाहा. एक तक्ता तयार होतो. उभ्या रकान्यात विषयांची उद्दिष्टे, आडव्या रकान्यात अभ्यासक्रमाची उद्दिष्टे आणि चौकटीत एक, दोन, तीन असे आकडे. मग इतके टक्के विद्यार्थ्यांना इतक्या टक्क्यांहून अधिक गुण मिळाले की उद्दिष्ट साध्य झाले, अशा धर्तीचे सूत्र लावले जाते. म्हणजे ज्या परीक्षेने ते कौशल्य तपासलेच नाही, त्याच परीक्षेच्या गुणांवरून ते कौशल्य आले असे जाहीर होते. न्यायालयात असा पुरावा कोणी दाखल केला तर न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील की, या कागदाचा आणि तुमच्या दाव्याचा संबंध काय?

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार पूर्वीच ओळखला होता. १९२० च्या दशकात मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली तेव्हा तिच्या प्रश्नावलीला त्यांनी लेखी उत्तर दिले. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती आणि सिद्धांत भरण्यापेक्षा त्याची स्वतःची बुद्धी जागी करणे, मान्यवर ग्रंथांकडेही चिकित्सेने पाहण्याची सवय लावणे आणि सत्यापर्यंत पोहोचणे किती कठीण आणि किती मोलाचे असते याची जाणीव त्याला देणे, हे विद्यापीठीय शिक्षणाचे कार्य आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. आजच्या तक्त्यांमध्ये हाच आशय बसवायचा असेल तर आकड्यांच्या चौकटी पुरणार नाहीत. विद्यार्थ्याला जमिनीवर उभे करून पाहावे लागेल.

आपली जमीन काय विचारते?

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. प्रत्येक थर सारखा नाही. एखादा थर एकसंध आणि टणक, तर त्याच्यावरचा सच्छिद्र, ज्याला आपल्याकडे मांजऱ्या खडक म्हणतात. मध्येच गेरूसारखा लाल मातीचा पट्टा येतो. वरच्या बाजूला झिजून तयार झालेला मुरूम असतो. एकसंध बेसाल्ट स्वतः पाणी धरत नाही. पाणी असते ते मुरमात, भेगांमध्ये, सांध्यांमध्ये आणि सच्छिद्र थरात. म्हणून एका शेतात विहिरीला भरपूर पाणी आणि शंभर पावलांवर दुसरी विहीर कोरडी, असे आपल्याकडे घडते. याला ना नशीब कारणीभूत आहे ना देवाचा कोप. खडकाची रचना हेच त्याचे कारण आहे आणि ती वाचता येते. ती वाचणे हेच भूशास्त्राचे काम आहे.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हे शिकवले. त्याच वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. निरीक्षण विहिरींची पाणीपातळी ती जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. पुढे कायदेही झाले. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणले. त्याची जागा घेणाऱ्या २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने शेती आणि उद्योगासाठी साठ मीटर किंवा त्याहून खोल विहिरी नव्याने खोदण्यास मनाई केली. साठ मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. सुरुवातीला सांगितलेले सहाशे फुटांचे बोअर या कायद्यापुढे ठेवून पाहा, म्हणजे कायदा आणि गाव यांत किती अंतर आहे ते कळेल. कायदा पाळून घ्यायचा तर जागा अचूक निवडता आली पाहिजे, खोलीवर भिस्त ठेवून चालणार नाही. जागा निवडणारा प्रशिक्षित माणूस तालुक्याला मिळत नाही, तोवर हा कायदा पुस्तकातच राहणार.

दुसरा प्रश्न भूकंपाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्या काळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. माणसे मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या जड छताखाली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, या परिसराला लहान लहान धक्के बसले होते आणि लोक बोलत होते. लोक बोलत असताना त्यांचे ऐकून समजावून सांगणारा माणूस जवळ हवा असतो. २००६-०७ मध्ये नांदेड शहरात सौम्य धक्क्यांची मालिका झाली. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. प्रत्येक वेळी अफवा आधी पोहोचतात आणि शास्त्र मागाहून येते.

तेव्हा मराठवाड्यातील भूशास्त्राच्या अभ्यासक्रमाची उद्दिष्टे साध्या मराठीत अशी लिहिता येतील. हा विद्यार्थी दोन वर्षांनंतर एका गावाचा खडक आणि पाण्याचा नकाशा स्वतः काढू शकेल. विहिरीची जागा कारणांसह सुचवू शकेल आणि इथे पाणी लागणार नाही, हेही स्पष्ट सांगू शकेल. धक्के बसल्यावर ग्रामसभेत उभा राहून काय माहीत आहे आणि काय माहीत नाही हे लोकांना समजेल अशा भाषेत सांगू शकेल. दगडखाणीचा किंवा वाळूउपशाचा परिणाम मोजून अहवाल लिहू शकेल. अशी चार-पाच उद्दिष्टे पुरेशी आहेत. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००९ साली सर्वसामान्य नागरिकाला पृथ्वीविज्ञानातील काय कळले पाहिजे, याची मांडणी अवघ्या नऊ सूत्रांत केली. सर्वांना कळेल असे मोजके लिहिले तरच त्याचा हिशेब मागता येतो.

परीक्षा काय मोजते आणि गुण कोण देतो?

आता दुसऱ्या कागदाकडे वळू. आपल्याकडील लेखी परीक्षा मुख्यतः पाठांतर मोजते. बेसाल्टची व्याख्या लिहा, भूजलाच्या प्रकारांवर टीप लिहा. प्रात्यक्षिकात टेबलावर मांडलेल्या खडकांचे नमुने ओळखायचे असतात. हे आले पाहिजे, यात वाद नाही. पण टेबलावर धुऊन ठेवलेला दगड ओळखणे आणि ओढ्याच्या काठावर मातीने माखलेला थर ओळखणे यांत फरक आहे. पहिल्याची परीक्षा होते, दुसरे मात्र उद्दिष्टांच्या यादीत लिहिलेले असते.

यापुढचा भाग अधिक गंभीर आहे. प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा, अंतर्गत मूल्यमापन, क्षेत्रअभ्यासाचा अहवाल आणि प्रबंध या सर्वांत परीक्षकाला विद्यार्थी समोर दिसतो. त्याचे आडनाव माहीत असते. तो कोणत्या वसतिगृहात राहतो, हे माहीत असते. लेखी उत्तरपत्रिकेवर सांकेतिक क्रमांक असतो, तोंडी परीक्षेत चेहऱ्यावर क्रमांक नसतो. भूशास्त्र हा विषयच असा आहे की त्यात या समोरासमोरच्या गुणांचा वाटा मोठा राहणार. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना लागू झालेल्या नव्या रचनेत दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी चार श्रेयांक क्षेत्रप्रकल्प किंवा कार्यप्रशिक्षणाला आणि दहा श्रेयांक संशोधन प्रकल्पाला आहेत. म्हणजे जवळपास सहावा हिस्सा. विषयाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे, कारण शेतात जाण्याला अखेर किंमत आली. पण जिथे परीक्षकाची मर्जी वाढते तिथे भेदभावाला वाटही मिळते, हे वकिलीच्या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

ही नुसती शंका नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींवर प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २००७ साली आला. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत आपल्याला न्याय्य वागणूक मिळत नाही, असे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी त्या समितीपुढे मोठ्या प्रमाणात सांगितले. थोरात सर आपल्याच नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनी दाखवून दिलेला मुद्दा वैद्यकीय शिक्षणापुरता मर्यादित नाही. जिथे जिथे गुण बंद खोलीत आणि कारणे न लिहिता दिले जातात, तिथे तो लागू आहे.

काही प्राध्यापक म्हणतील की विज्ञानात जात आणू नका, दगडाला जात नसते. बरोबर आहे. दगडाला जात नसते. गुण मात्र दगड देत नाही, माणूस देतो. आणि आपण माणसाच्या हेतूवर संशय घेऊन थांबावे, असेही आम्ही म्हणत नाही. वर्षानुवर्षे रिक्त जागा आणि तासिका तत्त्वावरची नेमणूक सोसत, कधी पदरमोड करून मुलांना शिवारात नेणारे शिक्षक या क्षेत्रात आहेत. त्यांच्याविरुद्ध हे लिहिलेले नाही. नियम स्पष्ट असले तर प्रामाणिक शिक्षकालाही संरक्षण मिळते, कारण त्याच्यावर खोटा आरोप करता येत नाही.

यासाठी न्यायालयाची पद्धत उपयोगी पडेल. तज्ज्ञाचे मत पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची तरतूद जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम ३९ मध्ये आहे. पण तज्ज्ञ आहे म्हणून त्याचे मत कोणी डोळे झाकून मान्य करत नाही. तुम्ही जागेवर केव्हा गेलात, काय मोजले, कोणत्या उपकरणाने मोजले, त्यावरून हा निष्कर्ष कसा निघाला आणि दुसरा निष्कर्ष का निघत नाही, हे उलटतपासणीत विचारले जाते. प्रश्न आणि उत्तर दोन्ही नोंदवले जातात. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प असाच तपासला जावा. उद्या खाणीविरुद्ध, विहिरीच्या अंतराविरुद्ध किंवा दूषित पाण्याविरुद्ध एखाद्या वस्तीने दावा लावला तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहणारा तज्ज्ञ हाच असणार आहे. त्याचा अहवाल तिथे टिकणार असेल तर उद्दिष्ट साध्य झाले, असे खुशाल लिहा. आणि जी उलटतपासणी विद्यार्थ्याची होते तीच गुण देणाऱ्याचीही व्हावी. साठऐवजी पन्नास गुण का दिले, हे दोन ओळींत लिहून ठेवावे.

विद्यार्थ्यांनी एक निकाल लक्षात ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात ठरवले की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालील माहिती आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा अधिकार आहे. परीक्षकाचे नाव मात्र मागता येत नाही. लेखी परीक्षेपुरता हा दरवाजा उघडला. तोंडी परीक्षेत मात्र कागदच तयार होत नाही, म्हणून मागायला काही उरत नाही. त्यामुळे कागद तयार करायला लावणे, ही पहिली लढाई आहे.

शिवारात जाण्याची किंमत

भूशास्त्र वर्गात बसून येत नाही. पण शिवारात जायला पैसे लागतात. प्रवासखर्च, राहणे, जेवण, बूट, हातोडी, होकायंत्र. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातील किंवा नाक्यावर मजुरीला उभ्या राहणाऱ्या बापाचा मुलगा दहा दिवसांच्या अभ्यासदौऱ्याचे पैसे कुठून भरणार? आणि दौऱ्याला न गेलेल्याचे गुण कापले जात असतील तर ते ज्ञानाचे गुण नव्हेत, खिशाचे गुण झाले. चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण म्हणजे १२० तास. हे तास विनामोबदला द्यायचे म्हटले तर सुट्टीत मजुरी करून वर्षभराचा खर्च भागवणाऱ्या मुलाची मजुरी बुडते. मुलींच्या बाबतीत मुक्कामाची जागा, स्वच्छतागृह आणि घरच्यांची परवानगी हे प्रश्न आणखी वाढतात.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेतही पृथ्वीविज्ञान हे विज्ञानशाखांपैकी सर्वांत कमी सामाजिक विविधता असलेल्या शाखांत मोडते. चाळीस वर्षांत तेथील पीएच.डी. मिळवणाऱ्यांच्या वांशिक प्रमाणात प्रगती झालेली नाही, असे २०१८ साली ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात मांडले गेले. त्यानंतर क्षेत्रशिबिरांचा खर्च आणि तेथील वातावरण यांवर तिथे जाहीर चर्चा होते. आपल्याकडे हा मुद्दा अजून चर्चेतही आलेला नाही.

चांगल्या क्षेत्रअभ्यासासाठी लांब जावेच लागते, ही समजूतही तपासून घ्यावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. चालत जाता येते. आपल्या पूर्वजांनी बुद्धाची मूर्ती कोरायला कोणता थर निवडला, कुठे खडक एकसंध आहे, कुठे भेगांतून पाणी झिरपते, हे तिथे डोळ्यांनी दिसते. वेरूळ आणि दौलताबाद एस. टी.च्या अंतरावर आहेत. सतराव्या शतकात मलिक अंबरने डोंगराकडचे पाणी शहरात आणण्यासाठी बांधलेली नहर भूजल आणि उताराचा जिवंत धडा आहे. पैठणचा नाथसागर आहे, गोदावरीचे पात्र आहे. बुलडाणा जिल्ह्यात बेसाल्टमध्ये उल्कापाताने तयार झालेले लोणारचे विवर आहे. दख्खनचा खडक शिकायला जगभरातून लोक इथे येतात. आपल्या मुलांना तो दारात मिळतो. अनिवार्य गुणांचा अभ्यास या जवळच्या जागांवर आणि विद्यापीठाच्या खर्चाने व्हावा. लांबचे दौरे ऐच्छिक असावेत, त्यावर गुण अवलंबून नसावेत.

पहार ज्याच्या हातात आहे तो

नव्या धोरणात भारतीय ज्ञानपरंपरेला श्रेयांक दिलेले आहेत. त्या नावाखाली काय शिकवायचे, हा मोठा वाद आहे. भूशास्त्रापुरते सांगायचे तर ती परंपरा शोधायला पोथ्या उघडण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या विहिरी वडारांनी खोदल्या, घाट फोडले, धरणांचे दगड घडवले. पहारीच्या आवाजावरून खडक एकसंध आहे की आत भेग आहे, हे जुना वडार सांगतो. बेलदार, पाथरवट यांच्याकडेही दगडाची जाण पिढ्यान्पिढ्या आहे. हे ज्ञान कोणी लिहून घेतले नाही, कारण ते ज्यांच्याकडे होते त्यांना लिहू दिले नाही. आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांनी पहार हातात धरली नाही.

याचा अर्थ जातीचा धंदा मिरवावा, असा नाही. वडाराच्या मुलाने खाणीतच राहावे आणि त्याच्या बापाचे ज्ञान दुसऱ्याच्या प्रबंधात जावे, हे आम्हाला मान्य नाही. ज्ञान वर्गात यावे आणि मुलगाही वर्गात यावा. क्षेत्रअभ्यासात विहीर खोदणाऱ्या अनुभवी माणसाची माहिती विद्यार्थ्याने घेतली, ती मोजमापाने पडताळली, कुठे बरोबर निघाली आणि कुठे चुकली हे लिहिले, तर त्याला त्याचे गुण मिळावेत. त्या माणसाचे नाव अहवालात यावे आणि त्याला मानधन मिळावे. पाणाड्याच्या नारळाचीही अशीच परीक्षा घ्यावी. त्याने दाखवलेल्या जागा आणि विद्यार्थ्याने नकाशावरून सुचवलेल्या जागा पाच वर्षे नोंदवून ठेवा. अंधश्रद्धेविरुद्ध भाषण देण्यापेक्षा ही वही गावाला लवकर पटेल.

आपल्यातील काही पालक विचारतील, आमच्या मुलांनी दगडधोंडे का शिकावेत? डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर का होऊ नये? जरूर व्हावे. पण भूवैज्ञानिकाच्या जागा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आहेत, केंद्रीय भूजल मंडळात आहेत, राज्याच्या भूजल यंत्रणेत आणि नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयात आहेत. लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा बाराशे गुणांची असते, त्यातले दोनशे गुण मुलाखतीचे, आणि उत्तरे इंग्रजीतूनच लिहावी लागतात. मराठीत विषय समजावून घेऊन इंग्रजीत लिहिण्याचा सराव विभागाने करून दिला नाही तर आपली मुले पदवी घेऊन घरी बसतील. शिवाय पाणी कुठे काढायचे, खाण कुठे उघडायची, धरणाचे पाणी कोणाला पोहोचणार, हे निर्णय होतात त्या टेबलावर आपला माणूस असणे गरजेचे आहे. चवदार तळ्यावर १९२७ साली पाण्याला हात लावण्याचा हक्क मागितला. पुढे मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी नद्यांच्या खोऱ्यांच्या नियोजनाचा पाया घातला आणि १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग उभा राहिला. तळ्यावरच्या हक्कापासून नदीच्या नियोजनापर्यंतचा हा प्रवास आपल्या मुलांनी पुढे न्यायचा आहे.

काय मागायचे?

मागण्या अवघड नाहीत. एक, भूशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमाची उद्दिष्टे मराठीत, मोजता येतील अशी आणि या भागाच्या पाणी-दगडाशी जोडलेली असावीत. दोन, प्रत्येक उद्दिष्टापुढे ते कोणत्या परीक्षेत तपासले हे लिहावे आणि जे तपासले नाही ते साध्य झाले असे सांगू नये. तीन, प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा आणि प्रकल्पासाठी गुणांची फोड आधीच फलकावर लावावी. परीक्षक दोन असावेत, त्यांतील एक बाहेरचा. दिलेल्या गुणांची कारणे लेखी असावीत. चार, अनिवार्य क्षेत्रअभ्यासाचा सगळा खर्च विद्यापीठाने करावा. पाच, अंतर्गत आणि लेखी गुणांतील सरासरी फरक प्रवर्गनिहाय, कोणाचेही नाव न देता, दरवर्षी जाहीर करावा. फरक नसेल तर सर्वांची शंका मिटेल. फरक असेल तर कारण शोधावे लागेल. सहा, पदवी घेतल्यावर पाच वर्षांनी विद्यार्थी काय करतो, याची नोंद ठेवावी, कारण अभ्यासक्रमाची खरी परीक्षा तिथे होते.

यासाठी मोर्चाची वाट पाहण्याची गरज नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. मराठवाड्यातील दोन्ही विद्यापीठांकडे आणि भूशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांकडे तीन कागद मागा: अभ्यासक्रमाची उद्दिष्टे, ती साध्य झाल्याचा हिशेब आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांची फोड ठरवणारा नियम. प्रत्येक तालुक्यातून एका कार्यकर्त्याने आणि एका विद्यार्थ्याने मिळून हे काम हाती घेतले तर तीस दिवसांत उत्तरे यायला लागतील. उत्तर आले नाही तर अपील आहे, पुढे माहिती आयोग आहे. आलेले कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा. त्यात तुमच्या गावच्या विहिरीचा कुठे उल्लेख आहे का, तेवढे शोधा. नसेल तर पुढच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीपूर्वी ते लेखी मागणे, हे आपले काम आहे.